इंग्रजीतले क्लॉज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंग्रजी शिकणारे आणि शिकवणारे क्लॉजबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे सोप्याकडून अवघडाकडे लावले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. इंग्रजी वाक्यं देवनागरीत आहेत, ती मोठ्याने वाचा, म्हणजे कुठे थांबायचं ते कानालाच कळेल. बहुतेक गोंधळ एका सवयीतून होतो: पहिला शब्द बघायचा आणि क्लॉजचं नाव सांगून मोकळं व्हायचं. नाव पहिल्या शब्दावरून ठरत नाही. तो क्लॉज वाक्यात काय काम करतो, त्यावरून ठरतं.

1. क्लॉज म्हणजे नेमकं काय? फ्रेजपेक्षा तो वेगळा कसा ओळखायचा?

ज्या शब्दसमूहाला स्वतःचा कर्ता आणि काळ दाखवणारं क्रियापद असतं, तो क्लॉज. मराठी व्याकरणात त्याला उपवाक्य म्हणतात. ‘बिफोर द एक्झाम’ ही फ्रेज, ‘बिफोर द एक्झाम स्टार्ट्स’ हा क्लॉज. शंका आली तर काळ बदलून बघा. ‘स्टार्ट्स’चं ‘स्टार्टेड’ करता येतं, म्हणजे तिथे क्लॉज आहे. नुसत्या ‘बिफोर द एक्झाम’मध्ये काळ बदलायला जागाच नाही.

लांबीशी याचा काही संबंध नाही. ‘ॲट द फार एंड ऑफ द लाँग डार्क कॉरिडॉर’ ही एवढी लांबलचक असूनही फ्रेजच, आणि ‘आय नो’ हे दोनच शब्द म्हणजे पुरा क्लॉज. ‘सिट डाउन’सारख्या आज्ञेत कर्ता दिसत नाही, पण ‘यू’ गृहीत असतो, म्हणून तोही क्लॉज. ‘टू गो’, ‘गोइंग’ अशा रूपांचं काय, ते प्रश्न 14 मध्ये.

2. एका वाक्यात किती क्लॉज आहेत ते कसं मोजायचं?

काळ दाखवणारी क्रियापदं मोजा. ‘हॅज बीन वेटिंग’ हे तीन शब्द मिळून एकच क्रियापद धरायचं. आता हे वाक्य घ्या: ‘द बॉय हू वॉन द रेस सेड दॅट ही हॅड प्रॅक्टिस्ड सिन्स ही वॉज सिक्स.’ क्रियापदं चार: ‘वॉन’, ‘सेड’, ‘हॅड प्रॅक्टिस्ड’, ‘वॉज’. म्हणजे क्लॉजही चार.

त्यांची मांडणी डब्यात डबा ठेवल्यासारखी आहे. सगळ्यांत बाहेर ‘द बॉय सेड’. कोणता मुलगा, ते ‘हू वॉन द रेस’ सांगतो, म्हणून तो ॲडजेक्टिव्ह क्लॉज. काय म्हणाला, ते ‘दॅट’पासून शेवटपर्यंतचा भाग सांगतो, म्हणून तो नाउन क्लॉज. आणि कधीपासून सराव केला, ते ‘सिन्स ही वॉज सिक्स’ सांगतो. हा ॲडव्हर्ब क्लॉज नाउन क्लॉजच्या पोटात आहे, मेन क्लॉजला, म्हणजे सगळ्यांत बाहेरच्या ‘द बॉय सेड’ला, थेट जोडलेला नाही. विश्लेषणाचे गुण बहुतेक इथेच जातात, म्हणून प्रत्येक क्लॉज कशाला टेकलेला आहे हेही लिहायची सवय ठेवा.

‘शी ओपन्ड द डोअर अँड लेफ्ट’ मध्ये कर्ता एक, क्रियापदं दोन. काही पुस्तकं इथे दोन क्लॉज मोजतात, दुसऱ्यातला ‘शी’ गाळला आहे असं धरून. काही पुस्तकं जोड-क्रियापदाचा एकच क्लॉज म्हणतात. तुमचं पुस्तक जे म्हणतं ते धरा, आणि सगळीकडे तेच धरा.

3. जो एकटा उभा राहतो तो मेन क्लॉज, हा नियम बरोबर आहे ना?

निम्माच बरोबर आहे. ‘आय स्टेड होम बिकॉज इट वॉज रेनिंग’ मध्ये ‘आय स्टेड होम’ एकटं उभं राहतं, नियम छान चालतो. पण ‘व्हॉट ही सेड वॉज ट्रू’ मध्ये ‘व्हॉट ही सेड’ काढलं तर उरतं ‘वॉज ट्रू’, आणि ते एकटं काही उभं राहत नाही. कारण सबॉर्डिनेट, म्हणजे दुसऱ्याच्या आधाराने राहणारा, क्लॉज इथे कर्त्याच्या जागी बसला आहे. कर्ताच काढून घेतल्यावर वाक्य लंगडंच होणार.

त्यापेक्षा उलट बाजूने बघा. जो क्लॉज मोठ्या क्लॉजमध्ये कर्ता, कर्म, विशेषण किंवा क्रियाविशेषण यांपैकी एखादी जागा भरतो, तो सबॉर्डिनेट. जो कुणाचीच जागा भरत नाही, तो मेन. आणि ‘मेन’ म्हणजे अर्थाने महत्त्वाचा, असंही समजू नका. ‘आय थिंक द ब्रिज हॅज कोलॅप्स्ड’ मध्ये खरी बातमी पुलाची आहे, तरी मेन क्लॉज ‘आय थिंक’पासूनच सुरू होतो.

4. कोऑर्डिनेट क्लॉज आणि सबॉर्डिनेट क्लॉज यांत फरक काय? दोन्ही जोडलेलेच तर असतात.

कोऑर्डिनेट क्लॉज बरोबरीचे असतात. त्यांना ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘नॉर’, ‘सो’, ‘येट’, ‘फॉर’ हे शब्द जोडतात. सबॉर्डिनेट क्लॉज दुसऱ्याच्या आधाराने राहतो. एक चाचणी फार उपयोगी पडते: जोडशब्दासकट क्लॉज उचलून वाक्याच्या सुरुवातीला ठेवा. ‘बिकॉज इट वॉज रेनिंग, आय स्टेड होम’ चालतं. ‘बट इट वॉज रेनिंग, आय वेंट आउट’ हे ‘आय वेंट आउट, बट इट वॉज रेनिंग’च्या अर्थाने चालत नाही. म्हणून ‘बिकॉज’ सबॉर्डिनेट, ‘बट’ कोऑर्डिनेट. कारण सांगणारा ‘फॉर’ याच चाचणीत ‘बिकॉज’पासून वेगळा पडतो.

‘नॉर’ आला की शब्दक्रम उलटतो: ‘ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही राइट.’ आणि ‘हाउएव्हर’, ‘देअरफोर’ हे जोडशब्द नाहीत, क्रियाविशेषणं आहेत. ‘इट वॉज लेट, देअरफोर वुई लेफ्ट’ असं फक्त स्वल्पविरामावर भागत नाही. तिथे अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा.

5. मग सिंपल, कंपाउंड आणि कॉम्प्लेक्स वाक्यं म्हणजे काय?

एकच क्लॉज असेल तर सिंपल, म्हणजे केवल वाक्य. दोन किंवा अधिक मेन क्लॉज असतील तर कंपाउंड, म्हणजे संयुक्त. एक मेन आणि निदान एक सबॉर्डिनेट असेल तर कॉम्प्लेक्स, म्हणजे मिश्र. दोन मेन आणि शिवाय सबॉर्डिनेटही असेल, तर कंपाउंड-कॉम्प्लेक्स.

6. नाउन क्लॉज कसा ओळखायचा?

त्या जागी ‘समथिंग’ ठेवून बघा. वाक्य टिकलं तर नाउन क्लॉज. ‘आय नो दॅट शी इज ऑनेस्ट’ हे ‘आय नो समथिंग’ होतं. ‘व्हॉट ही सेड सरप्राइज्ड मी’ हे ‘समथिंग सरप्राइज्ड मी’ होतं. कर्ता, कर्म, ‘इज’नंतरचं पूरक, प्रीपोझिशननंतरची जागा, म्हणजे नाम जिथे जिथे बसतं तिथे हा क्लॉज बसू शकतो.

प्रीपोझिशनपाशी मात्र दोन अडथळे आहेत. तिथे ‘दॅट’ने सुरू होणारा क्लॉज येत नाही. ‘आय ॲम अवेअर ऑफ द प्रॉब्लेम’ बरोबर, पण क्लॉज आला की ‘ऑफ’ गळतो: ‘आय ॲम अवेअर दॅट देअर इज अ प्रॉब्लेम.’ ‘इन दॅट’, ‘एक्सेप्ट दॅट’ अशा ठरलेल्या जोड्या याला अपवाद. दुसरं, प्रीपोझिशननंतर ‘इफ’ चालत नाही, ‘व्हेदर’ लागतो: ‘इट डिपेंड्स ऑन व्हेदर शी अग्रीज.’

‘इट इज ट्रू दॅट ही लेफ्ट’ मधला ‘इट’ अनेकांना अडवतो. तो फक्त जागा धरून बसलेला आहे. खरा कर्ता ‘दॅट ही लेफ्ट’ हाच आहे, फक्त लांब असल्यामुळे मागे गेला आहे.

7. ‘आय डोंट नो व्हेअर इज ही’ यात चूक काय? प्रश्न तर ‘व्हेअर इज ही’ असाच असतो.

सुटा प्रश्न तसाच असतो. पण तो नाउन क्लॉज म्हणून दुसऱ्या वाक्यात शिरला की साध्या विधानाचा क्रम घेतो: ‘आय डोंट नो व्हेअर ही इज.’ मराठीत हा बदल होतच नाही. ‘तो कुठे आहे?’ आणि ‘तो कुठे आहे मला माहीत नाही’ यांत क्रम तोच राहतो, म्हणून आपल्याला इंग्रजीतली चूक कानाला खटकत नाही. ती मुद्दाम शोधावी लागते.

‘डू’, ‘डझ’, ‘डिड’ही गळतात आणि क्रियापद आपलं रूप परत घेतं. ‘व्हेअर डझ शी लिव्ह?’ याचं ‘आस्क हर व्हेअर शी लिव्ह्ज’ होतं. अख्खं वाक्य प्रश्नार्थक असलं, तरी उलटा क्रम फक्त मेन क्लॉजला: ‘कॅन यू टेल मी व्हॉट टाइम इट इज?’ प्रश्नशब्द स्वतःच कर्ता असेल तर मात्र बदलायला काही उरत नाही: ‘हू ब्रोक द विंडो?’ आणि ‘आय नो हू ब्रोक द विंडो’.

8. ॲडजेक्टिव्ह क्लॉज लिहिताना मराठी माणसाच्या चुका कुठे होतात?

मुख्यतः दोन ठिकाणी, आणि दोन्ही आपल्या ‘जो–तो’मधून येतात. मराठीत आपण म्हणतो, ‘जो मुलगा काल आला, तो माझा मित्र आहे.’ ‘जो’ एका उपवाक्यात, ‘तो’ दुसऱ्यात, अशी जोडी लागते. इंग्रजीत जोडी नाही. ‘द बॉय हू केम यस्टर्डे इज माय फ्रेंड’ एवढंच. ‘द बॉय हू केम यस्टर्डे, ही इज माय फ्रेंड’ मधला ‘ही’ म्हणजे मागे राहिलेला मराठी ‘तो’. तसंच ‘द बुक विच आय बॉट इट’ मधला ‘इट’ जास्तीचा आहे, कारण ‘विच’नेच कर्माची जागा भरली आहे.

दुसरी चूक जागेची. ॲडजेक्टिव्ह क्लॉज ज्या नामाबद्दल बोलतो, शक्यतो त्याला चिकटून मागे यावा. ‘आय गेव्ह द बुक टू माय सिस्टर दॅट वॉज टॉर्न’ वाचणारा क्षणभर बहीणच फाटली आहे असं वाचतो. ‘आय गेव्ह द बुक दॅट वॉज टॉर्न टू माय सिस्टर’ लिहा.

‘हूज’ वस्तूंनाही चालतो: ‘अ हाउस हूज रूफ लीक्स’ अगदी शुद्ध आहे.

9. ‘हू’, ‘विच’, ‘दॅट’ यांच्याआधी स्वल्पविराम कधी द्यायचा? आणि ते गाळता कधी येतात?

क्लॉज काढून टाकल्यावर ‘कोणता?’ हा प्रश्न उभा राहिला तर स्वल्पविराम नको. नाही राहिला तर हवा. ‘माय ब्रदर हू इज अ डॉक्टर’ असं सलग लिहिलं तर भाऊ अनेक आहेत आणि त्यांतल्या डॉक्टर भावाबद्दल चाललं आहे, असा अर्थ निघतो. ‘माय ब्रदर, हू इज अ डॉक्टर, …’ लिहिलं की भावाची ओळख आधीच पटलेली असते आणि डॉक्टर असणं ही जास्तीची माहिती ठरते. म्हणून विशेषनामानंतर बहुधा स्वल्पविराम येतो. अशा स्वल्पविरामाच्या क्लॉजमध्ये ‘दॅट’ वापरत नाहीत, आणि ‘हू’, ‘विच’ गाळताही येत नाहीत.

स्वल्पविराम नसलेल्या क्लॉजमध्ये, रिलेटिव्ह शब्द (‘हू’, ‘विच’, ‘दॅट’) कर्माच्या जागी असेल तर गाळता येतो: ‘द बुक आय बॉट’. कर्त्याच्या जागी असेल तर गाळू नका. ‘द मॅन कॉल्ड इज हिअर’ म्हटलं की वाक्य कोसळतं, ‘द मॅन हू कॉल्ड इज हिअर’च हवं.

एक वेगळा ‘विच’ही आहे. ‘ही पास्ड, विच सरप्राइज्ड एव्हरीवन’ मध्ये तो एका नामाबद्दल न बोलता आधीच्या अख्ख्या घटनेबद्दल बोलतो. इथे स्वल्पविराम सक्तीचा.

10. नामानंतर ‘दॅट’ आला की तो ॲडजेक्टिव्ह क्लॉजच ना?

नाही. ही दोन वाक्यं शेजारी ठेवा: ‘द न्यूज दॅट ही ब्रॉट शॉक्ड अस’ आणि ‘द न्यूज दॅट ही हॅड रिझाइन्ड शॉक्ड अस’. दिसायला जुळी, पण काम वेगळं. ‘दॅट’ झाकून पुढचा भाग वाचा. ‘ही ब्रॉट’ अपुरं वाटतं, काय आणलं ते सांगायचं राहिलं. ती रिकामी जागा ‘दॅट’ भरतो, म्हणून हा ॲडजेक्टिव्ह क्लॉज, आणि इथे ‘विच’ही चालेल. ‘ही हॅड रिझाइन्ड’ मात्र पूर्ण आहे. तिथे ‘दॅट’ कुणाचीच जागा भरत नाही, फक्त जोडतो, आणि क्लॉज बातमी काय होती तेच सांगतो. हा नामाच्या जोडीला आलेला नाउन क्लॉज. इथे ‘विच’ चालणार नाही.

आणखी एक खूण: ‘द न्यूज वॉज दॅट ही हॅड रिझाइन्ड’ असं वाक्य करता येतं. ‘फॅक्ट’, ‘आयडिया’, ‘होप’, ‘बिलीफ’, ‘रूमर’ अशी, आत काहीतरी विधान असणारी नामं दिसली की ही तपासणी करायलाच हवी.

11. ‘व्हेन’ आणि ‘इफ’ म्हणजे ॲडव्हर्ब क्लॉज, असं पाठ केलं तर चालेल का?

कृपया तसं पाठ करू नका. एकच ‘व्हेन’ तीन कामं करतो. ‘व्हेन ही केम, वुई लेफ्ट’ मध्ये तो निघण्याची वेळ सांगतो, म्हणून ॲडव्हर्ब क्लॉज. ‘द डे व्हेन वुई मेट’ मध्ये ‘डे’ कोणता ते सांगतो, म्हणून ॲडजेक्टिव्ह. ‘आय नो व्हेन ही केम’ मध्ये ‘नो’चं कर्म आहे, म्हणून नाउन.

काम बदललं की काळही बदलू शकतो. ‘टेल मी व्हेन ही विल कम’ म्हणजे तो कधी येणार ते मला सांग: नाउन क्लॉज. ‘टेल मी व्हेन ही कम्स’ म्हणजे सहसा तो आला की मला सांग: ॲडव्हर्ब क्लॉज, आणि भविष्यातली गोष्ट असूनही वर्तमानकाळ. ‘लेट मी नो इफ यू नीड हेल्प’ तर दोन्हीकडे झुकतं. मदत हवी की नको ते कळव, किंवा मदत लागली तरच कळव. संदर्भ नसेल तर दोन्ही उत्तरं योग्य मानायला हवीत.

12. ॲडव्हर्ब क्लॉजचे प्रकार लक्षात कसे ठेवायचे?

जोडशब्दांची यादी घोकण्यापेक्षा मेन क्लॉजला प्रश्न विचारा. कधी, कुठे, का, कशासाठी, कसं, कोणत्या अटीवर, कशाला न जुमानता, काय परिणाम झाला, किती तुलनेत. जे उत्तर मिळेल तोच प्रकार. यादी घोकणारे ‘सिन्स’पाशी अडकतात, कारण तो ‘पासून’ही आहे आणि ‘कारण’ही. ‘ॲज’ वेळ, कारण, रीत आणि तुलना या चारही ठिकाणी येतो.

हेतू आणि परिणाम यांची गल्लत जास्त होते. ‘शी स्पोक लाउडली सो दॅट एव्हरीवन कुड हिअर’ म्हणजे ऐकू जावं म्हणून, हा हेतू. ‘शी स्पोक सो लाउडली दॅट एव्हरीवन हर्ड’ म्हणजे इतकं मोठ्याने की ऐकू गेलंच, हा परिणाम. ‘सो’ आणि ‘दॅट’ शेजारी आहेत की लांब, आणि पुढे ‘कॅन’, ‘कुड’, ‘मे’ आहे का, ते पाहिलं की बहुतेक वेळा निकाल लागतो.

तुलनेच्या क्लॉजमध्ये क्रियापद अनेकदा गाळलेलं असतं. ते परत घालून बघा. ‘शी लाइक्स हिम मोअर दॅन आय’ म्हणजे मला तो आवडतो त्यापेक्षा तिला जास्त आवडतो. ‘मोअर दॅन मी’ म्हटलं तर तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो, असाही अर्थ निघतो. घोळ टाळायचा तर ‘दॅन आय डू’ लिहावं.

13. ‘ऑल्दो’बरोबर ‘बट’ आणि ‘इफ’नंतर ‘विल’: हे कधीच चालत नाही का?

पहिलं नाही चालत. ‘जरी–तरी’च्या सवयीने ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ असं तोंडात येतं. पण ‘ऑल्दो’ एका क्लॉजला सबॉर्डिनेट करतो, ‘बट’ दोघांना बरोबरीचं करतो. दोन्ही एकदम होऊ शकत नाही. जोर द्यायचा असेल तर ‘स्टिल’ किंवा ‘येट’ क्रियाविशेषण म्हणून चालतं: ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, ही स्टिल वर्क्ड.’ ‘बिकॉज’बरोबर ‘सो’ नको, तेही याच कारणाने. ‘इफ’नंतर ‘देन’ मात्र चालतो.

दुसऱ्याला अपवाद आहेत. अट सांगताना साधारणपणे ‘इफ इट रेन्स’, ‘इफ इट विल रेन’ नव्हे. पण ‘विल’चा अर्थ तयारी किंवा विनंती असेल तर तो येतो: ‘इफ यू विल वेट अ मोमेंट, आय विल कॉल हर.’ ‘इफ’चा अर्थ ‘की नाही’ असेल तर तो अटीचा क्लॉजच नाही: ‘आय डोंट नो इफ ही विल कम.’ तो फरक प्रश्न 11 मध्ये आहे.

14. ‘टू विन द रेस’ किंवा ‘वॉकिंग होम’ यांना एक पुस्तक फ्रेज म्हणतं, दुसरं क्लॉज. खरं कोण?

दोन परंपरा आहेत. शालेय व्याकरण काळ दाखवणारं क्रियापद मागतं, म्हणून त्याच्या हिशेबात या फ्रेज. क्वर्क, ग्रीनबॉम, लीच आणि स्वार्टविक यांच्या 1985 च्या मोठ्या व्याकरणात यांना नॉन-फायनाइट, म्हणजे काळ न दाखवणाऱ्या क्रियापदाचे, क्लॉज म्हटलं आहे. इतकंच काय, ‘व्हेन इन डाउट’सारख्या क्रियापद नसलेल्या भागालाही तिथे क्लॉजमध्ये जागा आहे. हडल्स्टन आणि पुलम यांच्या 2002 च्या व्याकरणाने तर नाउन, ॲडजेक्टिव्ह, ॲडव्हर्ब ही तीन भागांची विभागणीच बाजूला ठेवली आणि कंटेंट, रिलेटिव्ह, कंपॅरेटिव्ह अशी वेगळी वाटणी केली.

परीक्षेत नेमलेल्या पुस्तकाची नावं वापरा. लिहिताना मात्र यांना क्लॉज मानणं फायद्याचं आहे, कारण मग आपण त्यांचा कर्ता कोण हे विचारतो. ‘वॉकिंग होम, अ ट्री फेल ऑन मी’ मध्ये चालणारं झाड ठरतं. ‘ॲज आय वॉज वॉकिंग होम, अ ट्री फेल ऑन मी’ लिहिलं की सगळं जागेवर येतं.

15. जोडशब्द नाही, क्रियापदाला ‘एस’ नाही, तरी क्लॉज म्हणतात. असं कसं?

जोडशब्द नसण्याची कारणं दोन. एक, ‘दॅट’ गाळला आहे: ‘आय थिंक ही इज राइट.’ दोन, ‘इफ’ऐवजी क्रम उलटला आहे: ‘हॅड आय नोन, आय वुड हॅव कम’, ‘शुड यू नीड हेल्प, कॉल मी.’ प्रश्नचिन्ह नसताना सहायक क्रियापद पुढे दिसलं की तिथे ‘इफ’ घालून बघा.

‘एस’ नसणं ‘सजेस्ट’, ‘इन्सिस्ट’, ‘डिमांड’ यांच्यानंतर दिसतं: ‘आय इन्सिस्टेड दॅट ही लीव्ह.’ ‘लीव्हज’ किंवा ‘लेफ्ट’ नाही. इथे प्रश्न 1 मधली काळ बदलायची चाचणी चालत नाही, तरी कर्ता आणि ‘दॅट’ स्पष्ट असल्याने हा नाउन क्लॉजच धरतात. पण ‘इन्सिस्ट’चा अर्थ ‘ठासून सांगणं’ असेल तर नेहमीचा काळ परत येतो: ‘ही इन्सिस्टेड दॅट ही वॉज इनोसंट.’

16. ‘द मॅन हू आय थॉट वॉज अ डॉक्टर’ मध्ये ‘हू’ की ‘हूम’?

‘हू’. ‘आय थॉट’ लगेच पुढे आल्यामुळे ‘हूम’ लिहायचा मोह होतो, कारण ‘थॉट’चं कर्म हवं असं वाटतं. पण इथे एका क्लॉजच्या मध्ये दुसरा घुसला आहे. ‘आय थॉट’ क्षणभर झाका. उरतं ‘हू वॉज अ डॉक्टर’, म्हणजे तो शब्द ‘वॉज’चा कर्ता आहे. आता ‘द मॅन हूम आय टुक फॉर अ डॉक्टर’ घ्या. इथे ‘आय टुक’ झाकलं तर क्रियापदच उरत नाही. म्हणजे तो शब्द ‘टुक’चं कर्म आहे आणि ‘हूम’ बरोबर आहे. बोलताना आणि अनौपचारिक लिहिताना लोक इथेही ‘हू’ म्हणतात, ते चालतं. पहिल्या वाक्यातल्या ‘हूम’ला मात्र, शिकलेली माणसं कितीदाही लिहीत असली, तरी औपचारिक लेखनात जागा देऊ नका.